मानाचा डबा

"लिहून घ्या पाटील," डॉ. यशोधन खासनीस म्हणाले आणि त्यांनी मिशीला आधी उजवीकडून, मग डावीकडून पीळ दिला. "ठरवून दिलेल्या क्रमातला एक डबा जरी इकडचा तिकडे झाला, तर ही मिशी अख्ख्या गावासमोर उतरवून देईन."

माणिकराव पाटलांनी लिहून घेतलं नाही. त्यांना लिहायची गरजच पडत नसे. सावळगव्हाणात कोणाच्या लग्नात कोणाला फेटा बांधायचा राहिला आणि कोण भरल्या ताटावरून उठून गेलं, याचा तीन पिढ्यांचा इतिहास त्यांच्या डोक्यात होता. त्यात एक मिशी सहज मावली.

"बगा बरं साहेब," ते एवढंच म्हणाले, "मिशी तुमची हाय."

मिशी खरंच बघण्यासारखी होती. खासनीस अंगाने किडकिडीत, पण मिशी मात्र एखाद्या पैलवानाकडून मागून आणल्यासारखी. कुठलंही बटण दाबण्याआधी ते तिला पीळ देत आणि "हं!" म्हणत. विज्ञान पुढे सरकतं तेव्हा असाच आवाज होतो, असं त्यांचं मत होतं.

हे बोलणं चाललं होतं ते रेल्वेडब्यांच्या नव्या कारखान्यात. कारखाना म्हणजे तूर्त तीन भलीमोठी पत्र्याची शेडं, एक फलाट, आणि तिथून अकरा किलोमीटरवरच्या जंक्शनपर्यंत गेलेला रूळ. पक्का कारखाना अजून व्हायचा होता. मंत्रीसाहेबांसमोर पहिली गाडी नीट सुटली, तर तो इथे होणार होता. नाही सुटली, तर सगळं गुंडाळून शेजारच्या राज्यात. शेजारच्या राज्याने जागा साफसूफ करून, नारळ आणून ठेवल्याची बातमी होती. गावातली एकशे त्रेचाळीस माणसं इथे कामाला लागली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला त्या नारळाची माहिती होती.

डबे जोडायच्या कामावर मुकादम होत्या कौसाबाई वाघचौरे. वडिलांच्या ऐरणीवर नांगराचे फाळ ठोकत मोठ्या झालेल्या. आता त्या वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून फिरत आणि डब्याच्या पत्र्यावर टिचकी मारून "ह्यो कच्चा ऱ्हायलाय" असं सांगत. यंत्राने तपासलं की तो खरंच कच्चा निघे.

"पन इंजिन कुठाय?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"इंजिन नाहीच," खासनीस खुलून म्हणाले होते. "प्रत्येक डब्याच्या पोटात स्वतःची मोटर आहे. हे स्वयंक्रमी डबे. म्हणजे आपला क्रम आपणच लावणारे. समजा आठ डबे आहेत आणि आठ वेगळ्या गावांना जायचंय. तर सगळ्यात लांब जाणारा पुढे, सगळ्यात जवळचा शेवटी. शेवटच्याचं गाव आलं की तो चालत्या गाडीतून सुटणार, बाकीचे पुढे. ड्रायव्हर नको, शंटिंग नको, काही नको."

"आन दोघांलाबी म्होरंच जायचं आसलं तर?"

खासनीसांनी डॉ. शहनाज मुलाणींकडे बघितलं. डब्यांचे मेंदू शहनाजबाईंनी बनवले होते. त्या उदगीरच्या. त्यांच्या घरी चार काका, चार काकू आणि एकच न्हाणीघर, त्यामुळे क्रम या विषयाचा त्यांचा अभ्यास लहानपणापासूनचा होता.

"हाच खरा प्रश्न आहे कौसाबाई," त्या म्हणाल्या. "आम्ही आधी नियम लिहिले. चार हजार सातशे नियम. तर प्रयोगशाळेत दोन डबे सहा दिवस नाकाला नाक लावून उभे राहिले. दोघंही नियमानेच वागत होते."

"आमच्या दोन मेव्हन्यांवानी."

"म्हणून नियम काढून टाकले. आता डबे बघून शिकतात. प्रत्येकाच्या कपाळावर ही काळी पट्टी दिसते ना, ती नजरपट्टी. चाळीस दिवस ते नुसते उभे राहून बघणार. माणसं गर्दीत कशी चालतात, कोण कोणाला वाट देतं, काय झालं की लोक थांबतात, काय झालं की निघतात. त्यातून क्रम शिकणार."

"म्हंजे ल्हान लेकरावानी."

"लहान लेकरू 'का' म्हणून विचारतं. हे विचारत नाहीत," शहनाजबाई म्हणाल्या. "यांना 'का' कळतच नाही. फक्त 'कशाच्या आधी काय झालं' एवढंच कळतं. एखादी गोष्ट शंभर वेळा दुसरीच्या आधी घडली, किंवा एकदाच घडली पण शंभर जणांनी मिळून केली, की यांच्या लेखी तेच कारण."

"आणि हेच तर त्यांचं सौंदर्य आहे!" खासनीस म्हणाले. "नियमच नाहीत, त्यामुळे नियमात चूक नाही."

"सर, चूक नियमात राहायला गेली नाही, तर दुसरीकडे कुठेतरी खोली घेईल."

"शहनाज, तू फार काळजी करतेस." खासनीसांनी मिशीला पीळ दिला. "हं!" बटण दाबलं. आठही डबे शेडातून हळूच बाहेर आले, मैदानाकडे तोंड करून उभे राहिले आणि बघू लागले.

आता ज्या मैदानाकडे ते बघत होते, ते सावळगव्हाणचं पोळ्याचं मैदान. कारखान्याला जागा देताना गावाने एकच अट घातली होती: पोळा इथेच भरेल. खासनीसांनी ती वाचली होती, त्यांना ती गोड वाटली होती, आणि त्यांनी खाली सही केली होती.

सव्विसाव्या दिवशी पोळा आला.

बैल आता गावात फार उरले नव्हते. अकरा जोड्या. त्यांच्यामागे चौदा ट्रॅक्टर, तेही धुऊनपुसून, बोनेटला गोंडे लावून. मैदानाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं आणि त्याच्या अलीकडे सगळे रांगेत थांबले होते. कारण तोरणाखालून पहिली जायची ती पाटलांची मानाची जोडी, हौश्या आणि पाखऱ्या. त्यांच्याआधी कोणी पाय टाकायचा नाही. पाटलांच्या आजोबांच्या काळात एकाने टाकला होता. त्या घराला अजून सोयरीक लांबून करावी लागते.

आणि नेमकी मानाची जोडी आली नाही. हौश्याच्या शिंगांचा रंग वाळला नव्हता. पाटील गोठ्यात पंखा लावून बसले होते. मैदानावर दहा जोड्या, चौदा ट्रॅक्टर आणि सहाशे माणसं ऊन खात उभी. ट्रॅक्टरांची इंजिनं चालू, पण जागचा हलेल तर शपथ. दोन तास दहा मिनिटांनी सगळं गाव एकदम पाटलांच्या नावाने ओरडलं. मग झुली, घागरमाळा, गळ्यात मनगटाएवढा जाड झेंडूचा हार अशा थाटात हौश्या-पाखऱ्या आले, तोरणाखालून गेले, आणि मग बाकीचे त्यांच्यामागे त्यांच्याच चालीने गेले.

आठ नजरपट्ट्यांनी हे सगळं अगदी मन लावून पाहिलं.

एक्केचाळिसाव्या दिवशी पहिली चाचणी. डबे एक ते आठ ओळीने लागलेले. खासनीसांनी पीळ दिला, "हं!" केलं, बटण दाबलं. दिवे लागले. दारं बंद झाली. डबे जागच्या जागी उभे.

पडद्यावर अक्षरं आली: 'प्रतीक्षा. अग्रमान आलेला नाही.'

"हे अग्रमान काय आहे?" खासनीसांनी विचारलं.

"शब्द माझाच आहे सर," शहनाजबाई म्हणाल्या. "सगळ्यात आधी पुढे जायचा हक्क ज्याचा, तो अग्रमान. मी नुसती रिकामी जागा ठेवली होती. तिथे कोणाला बसवायचं ते त्यांनी शिकायचं होतं."

"मग कोणाला बसवलंय?"

"ते सांगत नाहीयेत. वाट बघतायत."

खासनीसांनी तारा तपासल्या, मोटरी तपासल्या, रूळ तपासला. अकरा वेळा पीळ दिला. डबे ढिम्म. बरोबर दोन तास दहा मिनिटांनी आठही डब्यांनी एकदम, जीव तोडून भोंगा वाजवला. कौसाबाईंच्या हातातला चहा सांडला.

त्यांनी पदराने हात पुसला, डब्यांच्या रांगेकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ह्येंला हौश्या पायजे."

पाटलांना बोलावणं गेलं. पाटील छाती पुढे काढून आले. "मी म्हनलंच व्हतं," ते म्हणाले. त्यांनी असं काहीही म्हटलं नव्हतं. हौश्याला नवा हार घालून रुळावर उभा केला, खासनीसांनी पीळ देऊन बटण दाबलं, आणि डबे चालू लागले. ताशी दोनशे किलोमीटर धावण्यासाठी बनवलेली, देशातली पहिली स्वयंक्रमी गाडी हौश्याच्या शेपटीमागून, मध्ये चार हात अंतर राखून निघाली. हौश्या गवत खायला थांबला, गाडी थांबली. हौश्याने शेण टाकलं, गाडीने तेवढा वेळ मान राखला. पाऊण तासात चारशे दहा मीटर झाले.

"जंक्शनला कधी पोचायचं हे?" खासनीसांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"उंद्या सांजच्याला," पाटील म्हणाले. "पन मधी एकदा पानी पाजावं लागंल."

तेवढ्यात हौश्याने मान झटकली, हार तुटला. तो पायाखाली जाऊ नये म्हणून कौसाबाईंनी पटकन उचलला आणि त्या रुळापलीकडे निघाल्या. गाडी हौश्याकडे बघायची थांबली. आठही नजरपट्ट्या कौसाबाईंकडे वळल्या. त्या डावीकडे गेल्या, पट्ट्या डावीकडे. त्या उजवीकडे, पट्ट्या उजवीकडे.

"आगं बया!" कौसाबाई म्हणाल्या. "माझ्या मागं लागलं की ह्ये!"

शहनाजबाईंनी टाळी वाजवली. "बैल नाही सर! हार! रांगेत झुली सगळ्यांना होत्या, गोंडे सगळ्यांना होते. एवढा जाड झेंडूचा हार फक्त मानाच्या जोडीला होता. ज्याच्या गळ्यात झेंडू, तो अग्रमान!"

मग उपाय सोपा होता. कौसाबाईंनी पहिल्या डब्याच्या कपाळाला झेंडूचा घसघशीत हार बांधला. खासनीसांनी पीळ दिला. "हं!" आणि गाडी अशी सुटली की पाटलांचा फेटा तुऱ्यासकट उडून बाभळीवर बसला. जंक्शनला जाऊन परत आली ती नऊ मिनिटांत. पहिला डबा पहिला, आठवा आठवा.

"बदलला क्रम?" खासनीसांनी विचारलं.

"न्हाई बा," पाटलांनी बाभळीकडे बघत कबूल केलं.

पुढच्या महिन्याभरात दोनशेवर चाचण्या झाल्या, एकही चुकली नाही. सरकारी अहवालात हाराचा उल्लेख 'पुष्पमय अग्रचिन्ह' असा झाला. तो रोज ताजा लागतो, हे तळटीपेत गेलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी शहनाजबाई धावत खासनीसांकडे आल्या.

"सर, मंत्र्यांना हार घालणार आहेत."

"घालू देत की. मंत्र्यांना हार नाही घालायचा तर काय वस्तरा द्यायचा?"

"झेंडूचा आहे सर. क्रेन आणलीय."

खासनीस खिडकीपाशी गेले. कारखान्याचीच क्रेन होती. तिच्या आकड्याला, बैलगाडीचं चाक आत आडवं मावेल एवढा, पिवळाजर्द हार लोंबत होता. खाली माणिकराव पाटील हातवारे करून तो उतरवून घेत होते.

"पाटील, त्यापेक्षा गुलाबाचं एक छानसं फूल दिलं तर?" खासनीसांनी खाली जाऊन विचारलं.

पाटलांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू पंगतीत जिलबीच्या जागी गोळी वाटायला सांगितली होती. "मंत्री गावात यावा आन त्येच्या गळ्यात हार नसावा? साहेब, पलीकडच्या गावात जेसीबीनं घातला. आमी क्रेन आनलीय ती काय शोभेला?"

"मग पहिल्या डब्याचा हार तेवढाच मोठा करू," खासनीस म्हणाले. कौसाबाईंनी अख्ख्या तालुक्यात माणसं पाठवली. झेंडू संपला होता. सगळा क्रेनवर होता.

मंत्रीसाहेब आले. क्रेनने हार घातला. हार त्यांच्या गळ्यातून सुरू होऊन कमरेला दोन वेढे घेऊन उरला, तो दोघांनी मागून धरला. साहेबांचं फक्त नाक आणि गॉगल दिसत होता. अशा अवस्थेत त्यांना तिसऱ्या डब्यात चढवलं, कारण सोफा तिसऱ्या डब्यात होता.

"सर," शहनाजबाई हळूच म्हणाल्या, "हार तिसऱ्यात गेला."

"मला दिसतंय."

"आणि पहिल्यावरच्या हारापेक्षा चाळीस पट आहे."

"शहनाज, दोनशे चाचण्या झाल्यात. डब्यांना आता सवय झालीय." खासनीसांनी घाम पुसला, मिशीला पीळ दिला आणि घोगऱ्या आवाजात "हं" केलं.

पहिला आणि दुसरा डबा खळकन सुटले. पुढे गेले, सांधा ओलांडून बाजूच्या रुळावर मागे आले, आणि तिथे अदबीने उभे राहिले. तिसरा डबा, त्यातला सोफा, सोफ्यावरचा हार आणि हारातले मंत्रीसाहेब यांना घेऊन बाकीची गाडी पुढे सरकली. तिसरा डबा समोरून जाताना पहिल्याने बारीकसा भोंगा दिला. मग पहिला आणि दुसरा बाहेर आले, गाडीच्या शेपटीला गुमान जोडले गेले, आणि सगळी गाडी परत फलाटाशी येऊन थांबली. तिसरा डबा सगळ्यांच्या पुढे.

बँडवाल्याच्या तोंडात सूर तसाच राहिला.

"हे काय चाललंय?" हारातून आवाज आला.

शेजारच्या राज्यातला तो नारळ खासनीसांना डोळ्यांसमोर स्पष्ट दिसला. शहनाजबाईच खिडकीपाशी गेल्या.

"साहेब, डब्यांनी तुमचा डबा पुढे घेतला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःहून मान दिला."

हार सळसळला.

"तीस वर्षं पक्षात काढली मी, ताई," मंत्रीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी गॉगल काढून डोळे पुसले. "फोटोत कायम तिसरा. बाहेरून आलेली पोरं पुढे गेली. मला आजवर कोणीही, कोणीही पुढे घेतलं नव्हतं." त्यांनी हात बाहेर काढला. "आणा तो कागद."

त्यांनी सोफ्यावर बसल्या बसल्या, गुडघ्यावर कागद ठेवून कारखान्याच्या मंजुरीवर सही केली. कारखाना पक्का झाला. सावळगव्हाणात, कायमचा. बँड वाजायला लागला, ट्रॅक्टरांनी हॉर्न वाजवले, एकशे त्रेचाळीस माणसं नाचली, आणि कौसाबाईंनी वेल्डिंगचा चष्मा हवेत उडवून अचूक झेलला.

खासनीसही नाचणार होते. त्यांनी एक हात वर केला होता. तो पाटलांनी हळूच धरला.

"साहेब. डबा इकडचा तिकडं झाला न्हवं?"

"अहो पण कारखाना मिळाला!"

"कारखाना सरकारनं दिला. मिशीचा शबूद तुमी दिला व्हता."

"पाटील, वैज्ञानिकदृष्ट्या बघितलं तर क्रम चुकला असं नाही म्हणता येणार. तो उलट जास्त बरोबर..."

"कौसाबाई," पाटील म्हणाले, "साहेब काय म्हनाले व्हते?"

"आख्ख्या गावासमोर," कौसाबाई खाली बघत म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, पण पाठांतर पक्कं होतं. "आन गाव तर आज आख्खं हाय साहेब."

खासनीस बढाईखोर होते, पण शब्दाला पक्के होते. त्यांनी कोट काढून शहनाजबाईंकडे दिला. सलूनवाले सोपानराव पेटी घेऊनच आले होते. ते कुठेही पेटी घेऊनच जात. फलाटावर खुर्ची मांडली. कौसाबाईंनी आरसा म्हणून घासलेला पत्रा धरला. गळ्याला टॉवेल बांधला, तसा खासनीसांचा हात आपसूक, शेवटचा पीळ द्यायला, मिशीकडे गेला.

"हात खाली साहेब," सोपानराव म्हणाले. "वस्तरा हाय."

हात खाली गेला. मिशी गेली. तिच्या जागी एक गोरापान, आश्चर्यचकित ओठ उरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटलांनी स्वतःचा फेटा काढून खासनीसांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "मर्द गडी हाय." खासनीसांना नाही म्हटलं तरी जरा बरं वाटलं.

मग ते गाडीसमोर मांडलेल्या आपल्या टेबलापाशी गेले. मंत्रीसाहेबांनी खिडकीतून हिरवा झेंडा दाखवला. खासनीस म्हणाले, "हं!" बटण दाबलं.

गाडी हलली नाही.

अग्रमान जागेवर होता. क्रम बरोबर होता. पडद्यावर फक्त 'प्रतीक्षा' एवढंच. खासनीसांनी पुन्हा "हं" केलं. मोठ्याने केलं. खालच्या पट्टीत केलं. मंत्रीसाहेबांनी झेंडा उलटा करून पाहिला.

शहनाजबाई फलाटावर मांडी घालून बसल्या आणि जुन्या नोंदी चाळू लागल्या. बराच वेळ चाळल्या. मग त्यांनी खासनीसांच्या ओठाकडे पाहिलं.

"सर, आजपर्यंत डबे दोनशे बारा वेळा हलले."

"बरं?"

"दोनशे बारापैकी दोनशे बारा वेळा, त्याच्याआधी तुम्ही मिशीला पीळ दिला होता."

"मी बटण दाबलं होतं!"

"बटण नजरपट्टीला दिसत नाही. ते तुमच्या टेबलाखाली आहे."

"पण पहिल्या चाचणीला पीळ देऊनही हलले नव्हते!"

"तेव्हा हौश्या नव्हता. त्यांना दोन्ही लागतं. पुढे मान, आणि मग पीळ."

खासनीस मटकन खुर्चीत बसले. सोपानरावांनी सवयीने त्यांच्या गळ्याला टॉवेल बांधला.

"नवीन काहीतरी शिकवा ना त्यांना," खासनीस म्हणाले. "शिट्टी. घंटा. काहीही."

"कशानंतर निघायचं ते शिकायला निघावं लागतं सर. उभ्या डब्याला निघणं कसं शिकवणार?"

पाटील पुढे झाले. त्यांची मिशी काही कमी नव्हती. त्यांनी गाडीपुढे उभं राहून दोन्ही बाजूंनी असा पीळ दिला की मागच्या रांगेतली दोन पोरं रडली. डब्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शहनाजबाईंनी खासनीसांचा जुना व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. पण डब्यांनी चाळीस दिवस गावात माणसं व्हिडिओ बघताना पाहिली होती, आणि व्हिडिओ लागला की माणूस जागचा हलत नाही, हे ते पक्कं शिकले होते.

"किती दिवस लागतील?" खासनीसांनी वर न बघता विचारलं.

सोपानरावांनी त्यांचा ओठ चिमटीत धरून, उजेडाकडे करून पाहिला. "पीळ बसायजोगी व्हायला साडेतीन म्हैने. खोबरेल लावलं तर तीन."

मंत्रीसाहेबांना हे कळवण्यात आलं. दारं गाडी पोचल्यावरच उघडत होती, आणि खिडकीतून उतरायला साहेब तयार नव्हते. बाहेर फोटोवाले होते, शिवाय हार खिडकीतून निघत नव्हता, आणि हार काढायचा तर डबा परत तिसरा होईल का, अशी त्यांना शंका होती. "मी इथे ठीक आहे," ते म्हणाले. कौसाबाईंनी त्यांना खिडकीतून भाकरी आणि ठेचा दिला. त्यांनी ठेचा पुन्हा मागितला.

मग कौसाबाईंनाच गावच्या नाटक मंडळाची पेटी आठवली. पेटीत तीन दाढ्या, एक वनराजाची आयाळ आणि एक मिशी निघाली. मिशी सेनापतीची होती, जरा लालसर, पण काजळ फिरवल्यावर शहनाजबाईंनी मान डोलावली.

"कारखान्यातला डिंक लावू का साहेब?" कौसाबाईंनी विचारलं. "ज्यानं पत्रा जोडतो त्यो. जल्मात निघायची न्हाई."

"नको, नको," खासनीस घाईघाईने म्हणाले. "माझी खरी यायचीय खालून. मैद्याची खळ चालेल."

खळ शिजवली. मिशी चिकटवली. पाच मिनिटं वाळू दिली. खासनीस गाडीपुढे जाऊन उभे राहिले. आठही नजरपट्ट्या त्यांच्याकडे वळल्या. बँडवाल्यांनी तोंडाला वाद्यं लावली, मंत्रीसाहेबांनी खिडकीत झेंडा धरला.

चार वाजून सतरा मिनिटांनी खासनीसांनी मिशीला पीळ दिला. गाडी दीड फूट पुढे गेली. मिशी हातात आली. गाडी थांबली.